स्थापनेची आख्यायिका आणि पलायनाची आख्यायिका : ‘लिबुशे’ व दुर्ग-भिलाई परिसरातील चंदैनी

१. प्रास्ताविक

राष्ट्राची किंवा प्रदेशाची म्हणून ओळखली जाणारी आख्यायिका आणि तिचे गायनरूप नाट्य यांचा संबंध वरवर पाहता सरळ वाटतो. ज्या कथेत समाजाला आपले मूळ सापडते, ती कथा तो पुनःपुन्हा ऐकेल, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. रंगभूमीचा इतिहास मात्र या गृहीतकाला अनेकदा छेद देतो. चेक संगीतकार बेद्रिख स्मेताना यांचा ‘लिबुशे’ हा ऑपेरा चेक राष्ट्रीय आख्यायिकेवरील सर्वांत गंभीर कृती मानला जातो. तरीही त्यांच्या ‘विकलेली वधू’ या हलक्याफुलक्या ऑपेराच्या तुलनेत त्याचे प्रयोग फारच थोडे होतात, आणि चेक प्रदेशाबाहेर तर तो क्वचितच रंगमंचावर येतो. छत्तीसगढची स्वतःची म्हणता येईल अशी लोरिक-चंदाची गाथा, म्हणजेच चंदैनी, हिची स्थितीही अशीच आहे. ज्या दुर्ग-भिलाई परिसरातून पंडवानी जगभर पोहोचली, त्याच परिसरात चंदैनीचा रात्रभराचा प्रयोग दुर्मीळ झाला.

दोन्ही कृती दुर्मीळ झाल्या. परंतु त्यामागील कारणे एक नाहीत. किंबहुना ती परस्परविरुद्ध आहेत, आणि त्या विरोधातूनच ‘राष्ट्रीय आख्यायिका’ या संज्ञेचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. कोणती कथा समाज आपली म्हणून मिरवतो, कोणती आपली असूनही मागे सारतो, आणि ही निवड कोण करते, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे छत्तीसगढशी जवळजवळ शतकभराचा राजकीय संबंध असलेल्या मराठी भाषिकांना हा प्रश्न परका वाटू नये.

२. ‘लिबुशे’ : सणासुदीची कृती

‘लिबुशे’ची संहिता योसेफ वेन्झिग यांनी मुळात जर्मन भाषेत लिहिली आणि एर्विन श्पिंडलर यांनी ती चेक भाषेत आणली. चेक राष्ट्रवादाचे प्रतीक ठरलेल्या कृतीचा पहिला खर्डा सत्ताधाऱ्यांच्या भाषेत तयार व्हावा, ही बाब एकोणिसाव्या शतकातील मध्य युरोपाच्या भाषिक वास्तवाची द्योतक आहे. स्मेताना यांनी १८७२ मध्ये स्वररचना पूर्ण केली. परंतु कृती लगेच रंगमंचावर आणली नाही. लोकवर्गणीतून उभ्या राहणाऱ्या प्राग येथील राष्ट्रीय रंगमंदिराच्या उद्घाटनासाठी त्यांनी ती राखून ठेवली. ११ जून १८८१ रोजी त्या उद्घाटनाच्या निमित्ताने तिचा पहिला प्रयोग झाला. तोपर्यंत स्मेताना यांची श्रवणशक्ती पूर्णतः गेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रंगमंदिर आगीत सापडले. लोकांनी पुन्हा वर्गणी जमवली आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजी ते पुन्हा उघडले, तेही ‘लिबुशे’नेच.

कथानक तीन अंकांचे आहे. पहिल्यात न्यायदान, दुसऱ्यात विवाह, तिसऱ्यात भविष्यकथन. ख्रुदोश आणि श्त्याहलाव या दोन भावांत वडिलार्जित मालमत्तेवरून वाद होतो. लिबुशे ही राज्यकर्ती समान वाटणीचा किंवा एकत्र वहिवाटीचा न्याय देते. थोरल्या मुलाच्या एकाधिकाराचा आग्रह धरणारा ख्रुदोश चिडतो आणि स्त्रीच्या राज्याचाच धिक्कार करतो. या अपमानानंतर लिबुशे पती निवडून त्याच्याकडे सत्ता सोपवण्याचे ठरवते. तिची निवड स्तादित्से येथील नांगरधारी प्रशेमिसल याची असते. अखेरच्या अंकात ती भावी इतिहासातील राजे, वीर आणि हुसपंथी योद्धे यांची चित्रे एकामागून एक पाहते, आणि राष्ट्राच्या अविनाशित्वाच्या ग्वाहीने ऑपेरा संपतो.

मराठी वाचकाला पहिल्या अंकातील वाद सहज कळतो. वाटणीचा तंटा, थोरल्याचा हट्ट आणि न्यायासनाचा अपमान या साऱ्यांसाठी मराठीत ‘भाऊबंदकी’ हा एकच शब्द पुरेसा आहे. कृ. प्र. खाडिलकर यांच्या १९०९ मधील याच नावाच्या नाटकात रामशास्त्र्यांच्या न्यायनिष्ठेला जे स्थान आहे, तेच येथे लिबुशेच्या निवाड्याला आहे. फरक एवढाच, की रामशास्त्री सत्तेपासून दूर होऊन न्यायाची प्रतिष्ठा राखतात, तर लिबुशे आपली सत्ता पुरुषाच्या हाती देऊन न्यायाची व्यवस्था टिकवते.

नाट्यदृष्ट्या या ऑपेराची मर्यादा उघड आहे. दुसऱ्या अंकातील क्रासावा आणि ख्रुदोश यांच्या प्रेमातील दुराव्याचा भाग सोडला, तर व्यक्तींमधील खरा संघर्ष फार थोडा आहे. क्रासावेने रागाच्या भरात धाकट्या भावावर प्रेम असल्याचा बहाणा केलेला असतो. त्याच्या कबुलीत आणि पुढील समेटात पात्रे माणसांसारखी वागतात. एरव्ही ती पुतळ्यांसारखी उभी राहतात. तिसऱ्या अंकातील भविष्यदर्शनात तर घटनाच नाही, केवळ चित्रमालिका आहे. स्वररचनेची भव्यता या स्थितिशीलतेला तोलून धरते. किंबहुना प्रशेमिसलच्या शेतातील सुगीच्या वातावरणात आणि लिबुशेच्या प्रार्थनापर गायनात ती भव्यता अकृत्रिमही वाटते. मात्र ज्याला त्या इतिहासातील नावे परिचित नाहीत, त्या श्रोत्याच्या दृष्टीने शेवटचा अंक एक दीर्घ समारंभ ठरतो.

स्मेताना यांना याची जाणीव होती. ही कृती रोजच्या प्रयोगांच्या यादीत न ठेवता राष्ट्राच्या सणासुदीच्या प्रसंगीच सादर व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे ‘लिबुशे’चे विरळ प्रयोग हे अंशतः तिच्या प्रतिष्ठेचेच फलित आहे. देव्हाऱ्यातील मूर्ती रोज रस्त्यावर मिरवीत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. तिच्या प्रारंभीची तुतारीधून पुढे चेक राष्ट्राध्यक्षांच्या मानवंदनेसाठी स्वीकारली गेली. संपूर्ण कृती क्वचित ऐकली जाते, पण तिचा एक तुकडा राज्यसंस्थेच्या नित्य व्यवहारात जिवंत आहे.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. लिबुशेची कथा बाराव्या शतकाच्या आरंभी कोस्मास याने लिहिलेल्या बखरीत येते. तथापि ऑपेरातील न्यायदानाच्या प्रसंगामागे झेलेना होरा येथील म्हणून प्रसिद्ध झालेले एक कथित प्राचीन हस्तलिखित आहे. ते एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘सापडले’. १८८६ पासून भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउअर, तोमाश मासारिक आणि इतर अभ्यासकांनी ते बनावट असल्याचे प्रतिपादन केले. मासारिक यांना त्यासाठी देशद्रोहाचे आरोप सोसावे लागले. तेच मासारिक १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्रीय आख्यायिकेला लिखित पुराव्याची हाव सुटली की काय घडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

३. चंदैनी : रूप आणि आशय

चंदैनीला पुराव्याची अशी टंचाई नाही. परंतु तिला त्याची गरजही पडली नाही. मुल्ला दाऊद या सूफी कवीने १३७९ मध्ये रचलेले ‘चंदायन’ हे या कथेवरील हिंदवीतील काव्य प्रसिद्ध आहे. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये लोरिकी, लोरिकायन, चनैनी अशा नावांनी ही गाथा मौखिक परंपरेत गायिली जाते. श्याममनोहर पांडेय यांनी तिचे विस्तृत पाठ संकलित करून प्रकाशित केले. छत्तीसगढी पाठाचा एक महत्त्वाचा आढावा व्हेरिअर एल्विन यांच्या १९४६ मधील छत्तीसगढी लोकगीतांच्या संग्रहात मिळतो. तथापि दुर्ग, रायपूर, धमतरी या पट्ट्यातील गायकाने दाऊदचा ग्रंथ वाचलेला नसतो. त्याचा आधार स्मरण आणि समोर बसलेले श्रोते हाच आहे.

कथेचा छत्तीसगढी सांगाडा थोडक्यात असा आहे. चंदा ही गढ गौराच्या राजाची कन्या. तिचा विवाह वीर बावनशी झालेला असतो. परंतु हा नवरा पती म्हणून निरुपयोगी असतो. पाठापाठांनुसार त्याचे कारण बदलते. माहेरी परतलेल्या चंदाचे लक्ष लोरिक या गुराखी वीराकडे जाते. लोरिक स्वतः विवाहित आहे. मंजरी ही त्याची पत्नी. दोघांच्या भेटी, दूतीचे साहाय्य, महालात चोरून केलेला प्रवेश आणि अखेर हरदीगढकडे केलेले पलायन हा कथेचा मुख्य ओघ. शेवटी लोरिक मायदेशी परततो. दोन स्त्रियांतील तेढ मिटत नाही, आणि काही पाठांत तो सर्व सोडून निघून जातो. पुन्हा कोणालाही दिसत नाही.

जॉइस बर्कहॉल्टर फ्लूकिगर यांनी ‘जेंडर अँड जॉनर इन द फोकलोर ऑफ मिडल इंडिया’ (१९९६) या ग्रंथात गंगेच्या मैदानातील आणि छत्तीसगढमधील परंपरांची तुलना केली आहे. तिचे निष्कर्ष येथे महत्त्वाचे ठरतात. उत्तरेकडे ही गाथा अहीर समाजाच्या शौर्याची व प्रतिष्ठेची आहे. लढाया तिचा कणा असून लोरिक तिचा नायक आहे. छत्तीसगढमध्ये युद्धे मागे पडतात, प्रेमकथा पुढे येते आणि पुढाकार चंदाकडे जातो. निवड तिची आहे, युक्ती तिची आहे, धाडसही बहुतांशी तिचेच आहे. त्याचबरोबर ही गाथा एका जातीची न राहता प्रदेशाची होते. प्रारंभी ती राऊत म्हणजे गुराखी समाजाचे गायक गात. वाद्यसाथ नसे, ओळीचा शेवट उचलणारा आणि हुंकार देणारा साथीदार, म्हणजे रागी, मात्र अपरिहार्य असे. पुढे सतनामी गायकांनी ती आपलीशी केली आणि हार्मोनियम-तबल्याची जोड दिली. नाचाच्या लोकप्रियतेमुळे तिचे पात्रांनी सादर करावयाचे नाट्यरूपही घडले.

गायन, निवेदन आणि संवाद यांची ही गुंफण पाहता चंदैनीला ‘ऑपेरा’ म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. पाश्चात्त्य अर्थाने ती ऑपेरा नाही. कारण तिला लिखित स्वरलेखन नाही आणि एका संगीतकाराची मुद्राही नाही. परंतु मराठी ‘संगीत नाटक’देखील त्या अर्थाने ऑपेरा नव्हते, कारण त्यातील संवाद गद्य होते. कथेचा भावनिक भार गायनावर तोलून धरणारे नाट्य, अशी व्यापक व्याख्या स्वीकारली तर ‘लिबुशे’, ‘सौभद्र’ आणि चंदैनी या एकाच कुळातील तीन भिन्न शाखा ठरतात. रागीचे कार्य या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. ऑपेरातील वृंद जे कार्य शंभर कंठांनी करतो, ते रागी एकट्याच्या हुंकाराने आणि प्रश्नाने करतो. तो श्रोत्यांचा प्रतिनिधी असतो, आणि गायकाने कथेत उगाच घाई केली तर त्याला अडवणाराही तोच असतो.

४. नांगरधारी आणि गुराखी

दोन्ही आख्यायिकांची मूळ मांडणी आश्चर्यकारकरीत्या समान आहे. दोन्हींत सत्ताकुलातील स्त्री आहे. दोन्हींत ती श्रमिक पुरुषाची निवड करते. एकीकडे नांगर धरणारा प्रशेमिसल, दुसरीकडे गुरे राखणारा लोरिक. दोन्ही ठिकाणी राजकुल आणि शेतशिवार यांची गाठ स्त्रीच्या इच्छेने पडते. कृषिप्रधान समाजाच्या कल्पनेत राज्यसत्तेला मातीचा स्पर्श हवा, ही जाणीव दोहोंच्या मुळाशी आहे.

पुढची दिशा मात्र भिन्न आहे. लिबुशेची निवड विवाहात, विवाह राजवंशात आणि राजवंश राष्ट्रात परिणत होतो. स्त्रीची इच्छा राज्याच्या प्रयोजनात विलीन होते, आणि त्या विलीनीकरणाची किंमत म्हणून ती सत्ता सोडते. ऑपेरा हा त्याग दुःखद म्हणून दाखवीत नाही. त्याला उदात्ततेचे वलय देतो. चंदाची निवड कशातच परिणत होत नाही. तिच्या पोटी राजवंश जन्मत नाही, तिच्या नावाने नगर वसत नाही. गढ गौरा सोडून ती हरदीगढला जाते आणि तिथूनही परतावे लागते. मंजरीचे दुःख कथा लपवीत नाही. अखेरीस नायकच कथेतून निघून जातो. एका कथेचा शेवट भविष्यकथनात आहे, दुसरीचा रिकाम्या वाटेत.

म्हणूनच ‘लिबुशे’ला स्थापनेची आणि चंदैनीला पलायनाची आख्यायिका म्हणणे युक्त ठरते. स्थापनेची आख्यायिका उत्सवाला सोयीची असते, कारण तिच्या अखेरीस सर्वांना उभे राहता येते. पलायनाच्या आख्यायिकेच्या अखेरीस काय करावे, हे श्रोत्याला सहज कळत नाही. तिच्यात नैतिक प्रश्न उघडाच राहतो. चंदा दोषी आहे काय? मंजरीला न्याय कोणी द्यावा? लोरिकचे शौर्य नेमके कशासाठी? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक रात्री गायक, रागी आणि श्रोते मिळून नव्याने शोधतात. नाट्यगुणांच्या दृष्टीने चंदैनी ‘लिबुशे’हून समृद्ध आहे, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो. तिच्यात पुतळे नाहीत, पेचात सापडलेली माणसे आहेत. ‘लिबुशे’त जिवंत वाटणारा क्रासावेचा प्रसंग नेमका याच जातीचा आहे, हा योगायोग नव्हे. दुखावलेल्या स्त्रीची फसवी चाल आणि तिची कबुली, एवढ्यापुरताच तो ऑपेरा चंदैनीच्या जवळ येतो.

५. पोलादनगरीच्या छायेत

एवढे सामर्थ्य असलेली कृती आपल्याच प्रदेशात मागे का पडली, याचे उत्तर शोधताना भिलाईचा विचार अटळ ठरतो. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभारला गेला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सेक्टरांची आखीव वसाहत, शाळा, रुग्णालय आणि देशाच्या सर्व भागांतून आलेले कामगार यांमुळे भिलाई हे स्वतंत्र भारताच्या आत्मप्रतिमेचे एक नगर बनले. स्थापनेच्या आख्यायिकेला साजेसेच हे नगर होय. त्याच्या भोवती मात्र पलायनाची आख्यायिका गाणारी गावे होती.

कारखान्याने लोककलांकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांना कारखान्यात नोकरी मिळाली, आणि त्यांची पंडवानी देशविदेशांत गाजली. पद्मश्री, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना लाभले. त्यांच्या प्रतिभेविषयी दुमत संभवत नाही. स्त्रीने उभे राहून, तंबूरा हाती घेऊन भीमाचा आवेश साकारणे हे परंपरेला आव्हान होते. तथापि पंडवानीच्या प्रसारामागे कथेचाही वाटा आहे. महाभारत भारतभर ठाऊक आहे. दिल्लीतील किंवा परदेशातील श्रोत्याला छत्तीसगढी भाषा कळली नाही तरी दुःशासन कोण हे कळते. वीर बावन कोण हे मात्र त्याला सांगावे लागते. राष्ट्रीय व्यासपीठ प्रादेशिक कलेचा स्वीकार करते तेव्हा तिचे रूप प्रादेशिक चालते. आशय मात्र राष्ट्राच्या परिचयाचा असावा लागतो. चंदैनी या अटीत बसली नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. छत्तीसगढच्या ग्रामीण समाजात प्रथम विवाह मोडल्यावर ‘चूडी’ भरून दुसरा संसार मांडण्याची रूढी व्यापक होती. मराठी मुलखातील ‘पाट लावणे’ याच्याशी तिचे साम्य आहे. चंदाची कथा या समाजात विचारणीय ठरते, कारण तिच्यासारखी निवड प्रत्यक्ष जीवनात अशक्य नव्हती. भिलाईतील कामगारांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी २००१ मधील एका निबंधात या परिसरातील विवाहव्यवस्थेची चर्चा केली आहे. कारखान्यात कायम नोकरी असलेल्या कामगारांत वैवाहिक स्थैर्याला महत्त्व येत गेले आणि संसार मोडून नवा थाटण्याकडे ते नापसंतीने पाहू लागले, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्यांनी चंदैनीच्या संदर्भात ते मांडलेले नाही. तरीही त्यावरून एक अनुमान काढता येते. ज्या वर्गाकडे लोककलेला आश्रय देण्याची ऐपत आली, त्याच वर्गाला चंदाची कथा अडचणीची वाटू लागली असावी. कथा जुनी झाली म्हणून मागे पडली असे नव्हे. ती वास्तवाच्या फार जवळची होती, आणि त्या वास्तवापासून दूर जाण्यातच प्रतिष्ठा मानली जाऊ लागली होती.

चंदैनीला नव्या रंगमंचावर आणण्याचे प्रयत्न झाले. दुर्गजवळच्या बघेरा येथील दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ हा भव्य संगीतप्रयोग सादर केला. नावात ‘चंदैनी’ असली तरी तो लोरिक-चंदाची गाथा नव्हे. शेतकऱ्याच्या जीवनाची ती गीतमालिका होती. त्यानंतर दाऊ महासिंह चंद्राकर यांनी १९७४ मध्ये ‘सोनहा बिहान’ आणि पुढे प्रत्यक्ष ‘लोरिक-चंदा’ रंगमंचावर आणले. हबीब तन्वीर यांनी याच कथेवर नया थिएटरसाठी ‘सोन सागर’ केले. परंतु ज्या दिग्दर्शकाचा ‘चरणदास चोर’ भिलाईतील सतनामी श्रोत्यांपुढे आकार घेऊन १९८२ मध्ये एडिंबरापर्यंत पोहोचला, त्याच्याच या नाटकाला तशी कीर्ती लाभली नाही.

येथे ‘लिबुशे’शी असलेले एक साम्य नोंदवण्याजोगे आहे. ‘सोनहा बिहान’मधून लोकप्रिय झालेले डॉ. नरेंद्रदेव वर्मा यांचे छत्तीसगढच्या नद्यांचे वर्णन करणारे गीत २०१९ मध्ये राज्यगीत म्हणून घोषित झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी निर्माण झालेल्या राज्याला स्वतःच्या तुतारीधूनेची गरज होती, आणि ती त्याला रंगभूमीनेच पुरवली. मात्र निवड भूमीच्या स्तवनाची झाली, प्रदेशाच्या गाथेची नव्हे. एकाच निर्मात्याच्या दोन प्रयोगांपैकी एकाचे गीत शासकीय समारंभाचा भाग झाले आणि दुसऱ्याची कथा समारंभाबाहेर राहिली. नद्या कोणालाही अडचणीत आणीत नाहीत, चंदा आणते.

६. मराठी रंगभूमीच्या दृष्टीने

१७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांची रतनपूरवर स्वारी झाली. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथून कारभार पाहू लागले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. या काळाचा ठसा छत्तीसगढच्या रंगपरंपरेच्या भाषेवरही उमटलेला दिसतो. नाचातील विनोदी नाट्यांशाला तेथे आजही ‘गम्मत’ म्हणतात. पूर्व विदर्भातील खडी गंमत आणि छत्तीसगढचा नाचा यांतील नात्याचा अभ्यासकांनी वारंवार निर्देश केला आहे. दोन्हींत उभ्याने वाजवणारी साथ, पुरुषांनी केलेली स्त्रीपात्रे आणि प्रसंगी उत्स्फूर्त होणारा संवाद आढळतो. तेव्हा चंदैनीचे नाट्यरूप ज्या साच्यात घडले, त्या साच्याला मराठी हातही लागलेले असणे संभवनीय आहे.

मराठी संगीत रंगभूमीचा अनुभवही या विवेचनाला पूरक ठरतो. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, म्हणजे ‘लिबुशे’च्या सुमारे सात महिने आधी. दोन्हीकडे परसत्तेखालील समाज प्राचीन कथेला स्वर देऊन आपली ओळख घडवीत होता. परंतु किर्लोस्कर मंडळीला राष्ट्रीय रंगमंदिर नव्हते. तिकिटे विकून गावोगाव फिरणे हीच तिची जीवनपद्धती होती. त्यामुळे १८८२ मधील ‘सौभद्र’ हे देव्हाऱ्यात न बसता बाजारपेठेत उतरले. आणि ‘सौभद्रा’चे कथानक तरी काय आहे? सुभद्रेचे ठरवलेले लग्न आणि अर्जुनाने केलेले तिचे हरण. तेही एका अर्थी पलायनाचेच आख्यान होय. फरक असा, की तेथे पलायनाला श्रीकृष्णाची संमती आहे आणि शेवट मंगल आहे. मराठी मध्यमवर्गाने पलायनाची कथा आनंदाने स्वीकारली, कारण ती महाभारताच्या शिक्क्यानिशी आली. चंदाच्या पाठीशी असा कोणी कृष्ण उभा नाही.

किर्लोस्करांचेच ‘रामराज्यवियोग’ मात्र अपूर्ण राहिले आणि ‘सौभद्रा’प्रमाणे रुजले नाही. आख्यायिकेच्या थोरवीने प्रयोगांची संख्या ठरत नाही, हे त्यावरूनही दिसते. कथा उत्सवाची आहे की सहवासाची, यावर ती ठरते. रामकथा पूजनीय आहे, पण सुभद्रेची चेष्टामस्करी सोबतीची आहे.

७. उपसंहार

‘लिबुशे’ आणि चंदैनी या दोन्ही कृतींचे दुर्मीळ होणे वरवर एकसारखे असले, तरी त्यांच्यापुढील धोका सारखा नाही. ‘लिबुशे’चे प्रयोग कमी झाले तरी तिची स्वरलिपी आहे, रंगमंदिर आहे, सणाचा दिवस आहे. वर्षानुवर्षे ती बंद पेटीत राहिली, तरी पेटी उघडताच ती पुन्हा उभी राहू शकते. चंदैनीला पेटी नाही. तिचे अस्तित्व गायकाच्या स्मरणात, रागीच्या हुंकारात आणि रात्रभर जागणाऱ्या श्रोत्यांच्या प्रतिसादात आहे. एक रागी गेला म्हणजे एक साथीदार तेवढा कमी होत नाही. कथेला थांबवून प्रश्न विचारण्याची एक रीतच नाहीशी होते. छापील संग्रहात कथा उरते, हा प्रश्न उरत नाही.

यावर चंदैनीला राज्याची अधिकृत आख्यायिका बनवणे हा उपाय सुचवला जातो. त्याविषयी सावधगिरी बाळगणे इष्ट होय. स्थापनेच्या आख्यायिकेचे निकष लावले, तर चंदाला पतिव्रता, लोरिकला सेनापती आणि शेवटाला विजयोत्सव करावे लागेल. उत्तरेकडील पाठांत जातीय प्रतिष्ठेसाठी शौर्याला जे महत्त्व आले, त्याच दिशेचे हे पाऊल ठरेल. झेलेना होराच्या हस्तलिखिताने दिलेला धडा येथे उपयुक्त आहे. राष्ट्राला शोभावी म्हणून दुरुस्त केलेली आख्यायिका अखेरीस राष्ट्रालाच ओशाळवाणी ठरते.

संवर्धन करावयाचे असेल तर ते प्रसंगाचे करावयास हवे. म्हणजे गावातील रात्र, दोन किंवा तीन जणांचे पथक, रागीला पुरेसा अवकाश आणि कथा तोडून-मोडून अर्ध्या तासात न बसवण्याचे पथ्य. महोत्सवाच्या मंचावर वीस मिनिटांत लोरिक आणि चंदा नाचून जातात. मंजरीला तेथे वेळच मिळत नाही. मंजरी वगळली की कथेतील नैतिक पेच संपतो आणि उरते ती केवळ एक रंगीत प्रेमकथा. एखाद्या समाजाने आपली आख्यायिका जपली की नाही, याची कसोटी तिच्या नायकाच्या पुतळ्यावर लागत नाही. जिच्यावर अन्याय झाला त्या स्त्रीचे गाणे अजून पूर्ण ऐकले जाते काय, यावर ती लागते.